दादाभाऊंचं मोतलेव

माणसाची थट्टा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आळेफाट्याला आमचं खतांचं आणि औषधांचं दुकान आहे, वडलांनी सुरू केलेलं. गल्ल्यावर बसून बसून मला ही सवय लागली. गिऱ्हाईक औषधाची बाटली घेऊन पाच मिनिटांत निघून जातं. पण त्याची जरा खेचली, की तेच अर्धा तास बसतं, चहा पितं आणि जाताना आणखी दोन वस्तू घेऊन जातं. मला वाटायचं, आपण दुकानात हसरं वातावरण ठेवतो. पिंपळवंडीच्या दादाभाऊंची मी जी थट्टा केली तिच्याबद्दल आज लिहायला बसलोय आणि लिहिताना अजून कान तापतात.

दादाभाऊ साठीच्या पुढचे. उंच, जरासे पोक आलेले, डोक्यावर टोपी आणि शर्टाच्या खिशात कायम छाटणीची कात्री. अडीच एकर द्राक्षबाग आहे त्यांची. माणूस कामाला वाघ, पण त्यांची खरी करामत नाकात होती. घड नाकाशी नेऊन ते साखर किती भरली ते सांगायचे. आमच्याकडं साखर मोजायचं यंत्र आहे. मी कितीदा तरी यंत्रानं पडताळून पाहिलं, फार तर एखाद्या आकड्याचा फरक यायचा. दुसरी करामत तोंडात होती. गोष्ट सांगायला लागले की दुकानातला घाईतला माणूससुद्धा पोत्यावर टेकायचा. आणि त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे बँकॉकची.

नऊ वर्षांपूर्वी एका औषध कंपनीनं आमच्या दुकानाला स्कीम दिली होती. जास्त माल नेणाऱ्या चाळीस बागायतदारांना बँकॉकची सहल. कागदावर तिचं नाव ‘अभ्यास दौरा’ होतं. आम्ही तिथं काय अभ्यास केला ते विचारू नका. चाळीस टोप्या, चाळीस पिशव्या, पिशव्यांत ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. शिवाय कंपनीनं स्वयंपाकाला महाराज बरोबर दिला होता, त्यामुळं बँकॉकच्या हॉटेलात आम्ही चारही दिवस पिठलं-भाकरी, वरण-भात खाल्लं. माझे वडील धरमचंद हेही आले होते. त्यांना एकदा विमानात बसायचं होतं.

बाहेरचं खायला कुणी धजावलं नाही. फक्त दादाभाऊ रोज संध्याकाळी गायब व्हायचे. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्यांना धरलं.

"दादाभाऊ, रोज दिवे लागायच्या वेळेला जाता कुठं राव? घरी वहिनींना फोन लावू का?"

चाळीस माणसं खो खो हसली. दादाभाऊ क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "तसलं काय न्हाई वं शेट. त्या कोपऱ्यावर एक म्हातारी गाडी लावती. तिच्याकडं मोतलेव खायला जातो."

"मोतलेव म्हणजे काय?"

"तिथल्या शेवया. लई भारी चीज हाय."

झालं. तिथून मोतलेव आमच्या मुलखात आलं.

परत आल्यावर दादाभाऊंनी त्या शेवयांची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की आम्हाला पाठ झाली. म्हातारीचं नाव नोई. तिची गाडी रस्त्याच्या कोपऱ्यावर, समोर ही मोठी रांग, रांगेत साहेब लोकही आणि हमालही. ती लोखंडी कढईत तांदळाच्या चपट्या शेवया टाकते, चिंचेचा कोळ ओतते, गूळ टाकते, वर शेंगदाण्याचं कूट भुरभुरते आणि लिंबू पिळते. "पयल्या घासाला ग्वाड लागतं," दादाभाऊ डोळे मिटून सांगायचे, "मंग आंबट. आन् मागनं तिखट असं नाकात चढतं, की बास!" ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. चिंच, गूळ, शेंगदाणे हे सगळं आपल्याच घरातलं. त्यामुळं ती म्हातारी परकी वाटायची नाही, पलीकडच्या गावची कुणी मावशी वाटायची.

सगळ्यांत जास्त ही गोष्ट ऐकली असेल ती मंगलवहिनींनी, म्हणजे दादाभाऊंच्या बायकोनं. सहल फक्त पुरुषांची होती. वहिनी उभ्या जन्मात शिर्डीच्या पुढं गेल्या नव्हत्या. त्यांनी चुलीवर प्रयोग सुरू केले. दादाभाऊ शेजारी बसून सांगायचे, "आंबट वाढव. न्हाई, आता गूळ कमी पडला." वर्षभरात चव जमली. मग पाहुण्यारावळ्यांना मोतलेव, दिवाळीत मोतलेव, पोरांच्या वाढदिवसाला मोतलेव. बचत गटाच्या बायकांनी तालुक्याच्या महोत्सवात ‘पिंपळवंडीचं प्रसिद्ध मोतलेव’ असा फ्लेक्स लावून गाळा टाकला आणि दुपारच्या आत टोप रिकामं झालं. मी स्वतः कांदा-लसूण न घातलेलं दोन वाट्या खाल्लं.

एवढं कौतुक होऊनही वहिनींचं एक पालुपद होतं. "मला एकडाव त्या म्हातारीच्या हातचं खायाचंय. माझ्यात काय कमी पडतं ते बघायचंय." दादाभाऊ म्हणायचे, "खायला घालीन, शबूद हाय माझा." आम्ही हसायचो. पिंपळवंडीहून बँकॉकला शेवया खायला कोण जातंय?

गेल्या दिवाळीनंतर कळंबला हायवेलगत मोठा फ्लेक्स लागला. त्यावर गाडी, कढई आणि एका म्हातारीचा हसरा फोटो. ‘नोई मावशी, बँकॉक. शाखा कळंब.’ कळंबचाच ऋषी नावाचा तिशीतला गडी हॉटेलचं शिक्षण घेऊन बँकॉकला गेला होता. तिथं त्यानं सहा वर्षं काढली, त्यातली दोन त्या म्हातारीच्या हाताखाली. तिची परवानगी घेऊन, हातोटी शिकून त्यानं इथं शाखा काढली. फ्लेक्सचा फोटो आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर आला तेव्हा दादाभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर बोलून मेसेज टाकला. "हीच ती. हीच ती म्हातारी!"

लगेच ठरलं. येत्या रविवारी सगळ्यांनी कळंबला जायचं आणि दादाभाऊंनी खायला घालायचं.

माझ्यात धीर कुठला? शनिवारी दुपारीच मी बायकोला, रीनाला, घेऊन तिथं जाऊन आलो. ऋषी बोलका निघाला. "शेट, जैन पण करून देतो," म्हणाला. मी ऐटीत म्हटलं, "दोन मोतलेव दे."

ऋषी माझ्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू आवरेना.

"शेट, ह्याला पॅड थाई म्हणतात. खरा उच्चार ‘पाद’च्या जवळ जातो, म्हणून मी तो बोर्डावर मराठीत लिहिला नाही, लोकं नाकाला रुमाल लावतील. पण मोत लेओ म्हणजे ‘संपलं’. गाडीवरचा माल खलास झाला की मावशी रांगेतल्यांना हात हलवून म्हणते, मोत लेओ, मोत लेओ."

मी टेबलावर हात आपटून हसलो. डोक्यात सगळं लख्ख झालं. म्हणजे दादाभाऊ गेले, म्हातारी म्हणाली ‘संपलं’, आणि ह्यांना वाटलं तेच पदार्थाचं नाव! म्हणजे ह्यांनी खाल्लंच नव्हतं. नऊ वर्षं हा माणूस आम्हाला आंबट-गोड घास मोजून सांगत होता आणि तोंडात एक शेवई गेलेली नव्हती.

मी ऋषीला म्हटलं, "उद्या मी एका पाहुण्याला आणतो. तो मोतलेव मागेल. तेव्हा हे जसं मला सांगितलंस तसंच सगळ्यांसमोर सांग. जरा मोठ्यानं."

गाडीत बसल्यावर रीना म्हणाली, "त्यांना आजच फोन करून सांगा. उद्या मंगलवहिनी बरोबर असतील."

"अगं, गंमत आहे."

"कुणाची?" तिनं विचारलं. मी गाडी चालू केली आणि गाणी लावली.

फोन करायला मला अख्खी संध्याकाळ होती. बाजूला घेऊन सांगायला रविवारी सकाळही होती. मी सांगितलं नाही, कारण मला तो क्षण बघायचा होता. हे मी सजवून लिहू शकत नाही. एवढंच खरं आहे.

रविवारी तीन गाड्या निघाल्या, बारा माणसं. दादाभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मंगलवहिनी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या आणि मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून माझ्या गाडीत बसल्या होत्या. मी विचारलं, "डब्यात काय वहिनी?"

"मोतलेव केलंय. त्या मालकाला चव दावते. बघू त्यो काय म्हणतो."

तिथंही मला वाचायची संधी होती. मी आरशात बघून भांग सारखा केला.

आत गेल्यावर दादाभाऊ आधी भिंतीवरच्या म्हातारीच्या फोटोसमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण टोपी काढली. वहिनी फोटोकडं टक लावून बघत होत्या. मी मोबाइल वर धरला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि आवाज चढवून म्हटलं, "दादाभाऊ, ऑर्डर तुम्हीच द्यायची. त्यांच्या भाषेत!"

दादाभाऊ गल्ल्यापाशी गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मोतलेव. बारा."

ऋषीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"काका," तो म्हणाला, "मोत लेओ हे नाव नाही. मोत लेओ म्हणजे संपलं. माल खलास झाला की मावशी असं म्हणते."

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग एकाला कळलं आणि तो ओरडला, "आरारा! म्हंजी म्हातारी चार दिस संपलं संपलं म्हणत व्हती, आन् ह्यो गडी तेच खाऊन आला!" सगळं हॉटेल हसलं. अनोळखी माणसंही हसली. माझा हात हसण्यानं हलत होता, तरी मी मोबाइल खाली घेतला नाही.

दादाभाऊ हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. टोपी हातात तशीच धरून उभे राहिले.

मंगलवहिनी पुढं आल्या. "मंग तुमी खाल्लं का न्हाई?"

"न्हाई."

"एकडाव बी न्हाई?"

"न्हाई, मंगल. रोज जायचो. मी जाईपतुर संपल्यालं असायचं. हाटेलाच्या खिडकीतनं ती करताना दिसायची, बाकी नुसता वास यायचा."

"मंग बिगीनं का जायचा न्हाईत? उशीर का करायचा?"

दादाभाऊंनी वर बघितलं. वहिनींकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ते माझ्यावर चिडणार. पण त्यांनी नजर जमिनीकडं वळवली आणि म्हणाले, "असंच. व्हायचा उशीर."

वहिनींनी डबा पिशवीत सारला आणि पिशवीचे बंद ओढून गाठ मारली. तेवढ्यात ताटल्या आल्या. सगळ्यांनी खाल्लं, मिटक्या मारल्या, फोटो काढले. वहिनी कोपऱ्यात बसून एकेक शेवई उचलून शेवटपर्यंत खात होत्या. नऊ वर्षं ज्या घासाची वाट बघितली तो त्या गिळत होत्या आणि चव कशी आहे हे त्यांना कुणी विचारलं नाही. दादाभाऊंनी ताटली एकदा नाकाजवळ नेली आणि तशीच बाजूला ठेवली.

येताना नारायणगाव मागं पडल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "बचत गटातल्या बायांना आता मी काय तोंड दावू?" दादाभाऊ खिडकीबाहेर बघत होते. मी मनात म्हटलं, एवढं काय त्यात, दोन दिवसांत विसरतील. त्यांना पिंपळवंडीला सोडलं, गाडी बाजूला घेतली आणि तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांत कुणी विसरलं नाही. उलट तो व्हिडिओ राजुरीला गेला, ओतूरला गेला, मंचरच्या बाजारात फिरला. दुकानात खत संपलं की गिऱ्हाईक म्हणू लागलं, "काय शेट, मोतलेव का?" गावात दादाभाऊ दिसले की लोक विचारायचे, "दादाभाऊ, जेवला का संपलं?" बचत गटाच्या बायकांनी जुना फ्लेक्स काढून टाकला. बागेत घड विरळायचे दिवस होते. अशा वेळी दादाभाऊ एक दिवसाआड दुकानात यायचे, पण आठवडाभर ते फिरकले नाहीत. लागणाऱ्या औषधाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पाठवली. चिठ्ठीवर नेहमी ‘पारसशेट यांना रामराम’ असं लिहिलेलं असायचं. ह्या वेळी नुसती औषधांची नावं होती. मला ते टोचलं, पण मी चिठ्ठी तारेला टोचली आणि माल बांधून दिला.

वडील आता चौऱ्याऐंशीचे आहेत. दिवसभर खिडकीशी पलंगावर असतात. त्यांना करमावं म्हणून, आठव्या दिवशी, मी हौसेनं त्यांच्याजवळ बसलो आणि तो व्हिडिओ लावला. "बाबूजी, तुमच्या दादाभाऊंची गंमत बघा."

त्यांनी शेवटपर्यंत बघितला. हसले नाहीत. म्हणाले, "बंद कर ते."

मग बराच वेळ त्यांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला. आम्ही जैन. वडील चौविहार पाळतात, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पुढं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

"तेव्हाच माझा हात थरथरायला लागला होता, पारस. मी दुकानात पावत्या लिहायचं सोडलं, तुला वाटलं मला कंटाळा आला. बँकॉकला पहिल्या दिवशी चाळीस जणांत जेवायला बसलो आणि वरण सगळं अंगावर सांडलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दादाभाऊचं होतं. दुसऱ्या पंगतीला मी बसलोच नाही. तो महाराजाकडून ताट घेऊन माझ्या खोलीत आला, दार लावलं आणि मला भरवलं. मग रोज. दिवस मावळायच्या आत यायचा. माझं खाणं सावकाश. मी पाणी पिऊन हात धुईपर्यंत हलायचा नाही. मग खाली जायचा त्या गाडीवर. मी म्हणायचो, तू आधी जाऊन ये. तर म्हणायचा, गाडी कुठं पळती, शेटजी."

मला विचारायचं धाडस नव्हतं, तरी विचारलं. "मला का नाही सांगितलंत?"

"मीच त्याला म्हटलं होतं, पारसला कळू देऊ नको. सगळी गिऱ्हाइकं बरोबर आहेत, त्याला लाज वाटेल."

मला खरंच लाज वाटली असती. ते मला चांगलं ओळखतात. त्या चार संध्याकाळी मी कंपनीच्या साहेबांबरोबर मोठ्या दुकानांतून सेंटच्या बाटल्या हुंगत फिरत होतो. आपला बाप कुठं जेवला, कुणाबरोबर जेवला, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी चाळीस जणांसमोर, रोज जाता कुठं, असं मी विचारलं होतं कुणाला? माझ्या बापाला भरवून आलेल्या माणसाला. तो काय सांगणार होता? त्यानं म्हातारीच्या गाडीचं नाव पुढं केलं आणि माझ्या बापाची लाज झाकली. तिथंच त्या मोतलेवचा जन्म झाला होता, आणि कळंबला वहिनींनी ‘उशीर का करायचा’ विचारलं तेव्हाही ते माझ्याकडं बघून गप्प बसले होते.

मी व्हिडिओ काढून टाकला. म्हणजे माझ्या मोबाइलमधून. बाकीच्या मोबाइलांतून तो कोण काढणार?

त्याच दिवशी साडेचारच्या सुमारास पिंपळवंडीला गेलो. दादाभाऊ बागेत होते, मांडवाखाली वाकून घडांतले जादा मणी कात्रीनं काढत होते. मला बघून त्यांनी पालथं क्रेट पुढं सरकवलं. "या शेट. बसा."

मी म्हटलं, "बाबूजींनी सांगितलं. बँकॉकचं."

कात्री थांबली. "सोताहून सांगितलं?"

"हो."

"मंग बरं. मी कुणाला न्हाई बोललो. मंगलला बी न्हाई."

"दादाभाऊ, मला माफ करा."

"तुमी कशाला? आवं, मी काय देवमाणूस न्हाई, शेट. पयल्यांदा तुमी इचारलं, तवा तोंडातनं निघून गेलं. ते शेटजींसाठी व्हतं, मान्य. पण म्होरं नऊ वर्सं मी बोललो ते कुणासाठी? लोकं आयकायची, वा वा करायची, मला चटक लागली. ते खोटं माझंच हाय. बायकूला खोटं सांगून तिच्याकडनं रांधून घेतलं. तिच्या हातचं खाताना मलाच वाटाय लागलं व्हतं, की आपण खरंच खाल्लंय."

ते माझी माफी मागत असल्यासारखं बोलत होते. मी तिथंच सांगायला हवं होतं, की मला शनिवारीच सगळं माहीत होतं, ऋषीला मीच पढवलं होतं. मी खाली पडलेले मणी गोळा करत राहिलो. तेवढ्यात घरातून वहिनींची हाक आली. "शेटला जेवायला आणा. दिवस कलला!"

मी नको नको म्हणत राहिलो. दादाभाऊंनी हाताला धरून नेलं. वहिनींनी पाट मांडला होता. चुलीवर भाकरी, टोपात पिठलं. "कांदा-लसूण न्हाई घातलं," एवढंच म्हणाल्या आणि वाढू लागल्या. पूर्वीसारखं हसून बोलल्या नाहीत. "आमच्या घरातनं मोतलेव गेलं ते गेलंच," दादाभाऊ हळूच म्हणाले. शेवयांचा डबा वहिनींनी शेजारी देऊन टाकला होता.

मी म्हटलं, "वहिनी, दादाभाऊंना उशीर का व्हायचा ते मी सांगतो." आणि सांगितलं. वडलांचा हात, खोली, बंद दार, चार संध्याकाळी. वहिनी तव्यासमोर तशाच बसून राहिल्या. भाकरी एका बाजूनं काळी पडली. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "आवं, मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

"शेटजींना शबूद दिला व्हता."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्यांचा चेहरा आठवड्यानं सैल झालेला मी बघितला, आणि त्याच वेळी मला कळलं, की आता नाही बोललो तर पुन्हा कधीच बोलणार नाही. ते दोघंही मला भला माणूस समजून बसले असते.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "मला आधीच माहीत होतं. मी शनिवारी जाऊन आलो होतो. ऋषीला मीच सांगितलं होतं, सगळ्यांसमोर बोल म्हणून."

वहिनींनी हातातली भाकरी परातीत ठेवली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि उठून बाहेर अंगणात गेल्या. त्या नजरेबद्दल मी काही लिहू शकत नाही.

दादाभाऊ म्हणाले, "ठावं हाय मला."

"कसं?"

"मी तोंड उघडायच्या आधीच तुमचा फोन वर व्हता, शेट."

मी ताटावरून उठायला लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि टोपलीतली अर्धी भाकरी माझ्या ताटात मोडून टाकली. "अन्नावरनं उठू नका. जेवून घ्या बिगीनं, दिवस बुडतोय."

मी चौविहार फक्त चातुर्मासात पाळतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मान खाली घालून जेवत राहिलो. मी पाणी पिऊन हात धुईपर्यंत ते माझ्याजवळून उठले नाहीत.